पर्ल स्क्रिप्ट किती रॅम खाते ते स्क्रिप्टलाच विचारा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या स्टॉकचा रिपोर्ट काढायची एक पर्ल स्क्रिप्ट (पर्ल भाषेतला छोटा प्रोग्राम) माझ्या गळ्यात आहे. मशीन जुनं, ४ जीबी रॅम, वर लिनक्स. महिनाअखेरीला चालवली की अर्ध्यात 'किल्ड' एवढा एकच शब्द यायचा आणि खेळ खलास. शेठ म्हणाले रॅम वाढवून टाक बे, मी म्हटलं थांबा, आधी जाते कुठं ते तर बघू.

असा 'किल्ड' आला की पहिल्यांदा डीमेसेज (dmesg) कमांड मारून बघा, तिथं आउट ऑफ मेमरी आणि तुमच्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) नंबर दिसला तर समजा कर्नलनंच (लिनक्सच्या गाभ्यानं) रॅम संपली म्हणून उडवलंय, तुमच्या लॉजिकमध्ये बग शोधत रात्र घालवू नका (मी एक घालवली).

आता पूर्ण मशीनची मेमरी. लिनक्समध्ये /प्रॉक/मेमइन्फो नावाची फाईल असते, खरी डिस्कवर नसते, वाचली की कर्नल त्या क्षणाचे आकडे देतो. पर्लमधून साध्या फाईलसारखी ओपन करायची, व्हाईल लूपमध्ये एकेक ओळ घ्यायची, रेगेक्सनं (मजकुरातला नमुना पकडायची सोय) कोलनच्या आधीचं नाव आणि नंतरचा आकडा पकडायचा आणि हॅशमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साठा) टाकायचं, झालं. मॉड्यूल लागत नाही काही. आकडे केबीमध्ये असतात, म्हणजे १०२४ बाइटवाला केबी, एमबी पाहिजे तर परत १०२४ नं भागा.

इथं सगळे फसतात ते मेमफ्रीला. तो आकडा बघून रॅम संपली म्हणून बोंब मारतात, पण लिनक्स रिकामी रॅम फाईलींच्या कॅशला वापरतो. चादरीच्या दुकानात गादीवर माल पसरलेला असतो की नाही, जागा भरलेली दिसते पण गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटात घडी करून जागा होते, तसंच. म्हणून बघायचा आकडा मेमअव्हेलेबल. हा कर्नल ३.१४ पासून आहे, त्याहून जुनं काही चालवत असाल तर मेमफ्री, बफर्स आणि कॅश्ड यांची बेरीज करून अंदाज घ्या.

आपल्या स्वतःच्या स्क्रिप्टसाठी /प्रॉक/सेल्फ/स्टेटस वाचा, दुसऱ्या प्रोसेसची पाहिजे तर सेल्फच्या जागी तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर (पर्लमध्ये स्वतःचा पीआयडी $$ मध्ये असतो). यातल्या व्हीएमसाइझकडे लक्ष देऊ नका, ती नुसती मागून ठेवलेली ॲड्रेस स्पेस. खरी रॅम म्हणजे व्हीएमआरएसएस, थोडक्यात आरएसएस. आणि मला सगळ्यात कामाचा वाटला तो व्हीएमएचडब्ल्यूएम, म्हणजे सुरुवातीपासून आरएसएस जास्तीत जास्त कुठंपर्यंत गेला होता ते, स्क्रिप्टच्या शेवटी एवढा एक छापला तरी अर्धं निदान होतं. बॅकटिकमध्ये पीएस कमांड चालवूनही आरएसएस मिळतो पण दर वेळी नवीन प्रोसेस उभी राहते, लूपमध्ये ते करू नका.

मी एक छोटा फंक्शन केला, लेबल द्यायचं आणि तो लेबल आणि आरएसएस एसटीडीईआरआरवर (चुकांचे संदेश जातात ती वाट) छापतो, मग प्रत्येक मोठ्या कामाच्या आधी आणि नंतर त्याला बोलावलं. चोर लगेच सापडला. ३०० एमबीची लॉग फाईल फॉरइच लूपनं वाचली होती, आणि फॉरइच आधी सगळ्या ओळी लिस्टमध्ये भरतो मगच पहिली ओळ हातात देतो, वर पर्ल प्रत्येक स्ट्रिंगमागे स्वतःचा ओव्हरहेड लावतो, त्यामुळं आरएसएस १ जीबीच्या पुढे. फॉरइचच्या जागी व्हाईल केला, १५ एमबीच्या आत बसली. एका शब्दाचा बदल हो!

अजून एक, मोठा ॲरे अनडेफ केला तरी आरएसएस बहुतेक वेळा फारसा खाली येत नाही, म्हणून लीक (घेतलेली मेमरी कधीच मोकळी न होणं) आहे असं समजू नका. गड्ड्याच्या जत्रेत माल संपला तरी स्टॉलवाला जागा सोडतो का? पर्लही मोकळी झालेली मेमरी सहसा स्वतःकडंच ठेवतो, पुढच्या कामाला वापरतो. तेच काम पुन्हा पुन्हा करून आकडा दर फेरीला चढतच राहिला तर मात्र लीक, आणि तेव्हा पहिला संशय एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या रेफरन्सवर घ्या, त्यातला एक स्केलर-युटिल मॉड्यूलच्या वीकननं कमकुवत करा. कुठला हॅश किती मोठा ते बघायला सीपॅनवर (पर्ल मॉड्यूलचं भांडार) डेव्हल-साइझ आहे, त्याचं टोटल-साइझ वापरा, नुसतं साइझ आतला माल मोजत नाही.

फोर्क करत असाल, म्हणजे स्क्रिप्टमधून तिच्याच प्रती (पोरं) सोडत असाल, तर सगळ्या पोरांचे आरएसएस मिळवू नका, शेअर झालेली पानं प्रत्येकात मोजली जातात आणि बेरीज रॅमपेक्षा मोठी येऊ शकते, तिथं प्रत्येक प्रोसेसच्या /प्रॉकमधल्या स्मॅप्स फाईलमधला पीएसएस घ्या, त्यात शेअर पानांचा फक्त त्या प्रोसेसचा वाटा धरतात.

आता आमची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सोडणारी लिनक्सची सोय) सुटली की आधी मेमअव्हेलेबल बघते, ३०० एमबीच्या खाली असेल तर दहा मिनिटं स्लीप मारून परत बघते. शेठनी रॅमचे पैसे वाचले म्हणून शेंगा चटणीचं एक पाकीट दिलं, बिल मात्र अजून बाकी आहे.