बेस घुमत नाही, घरघरतोय? बेस गिटार आणि डबल बेसच्या या चुका टाळा

बेस बझ करायला लागला, म्हणजे तार फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) लागून घरघरायला लागली, की बहुतेकांचा हात सगळ्यात आधी ॲलन कीकडे जातो आणि ॲलन की ट्रस रॉडकडे, म्हणजे नेकच्या (वाद्याच्या मानेच्या) आतल्या धातूच्या दांड्याकडे. नव्वद टक्के बिघाड इथेच सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. ट्रस रॉड हा ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, खालीवर करायचा स्क्रू नाही. तारांच्या ओढीने नेक पुढे वाकतो, त्या वाकण्याला आवर घालणं एवढंच त्याचं काम. तारांची उंची ब्रिजच्या सॅडलवर ठरते, म्हणजे बॉडीवर तार ज्या छोट्या आधारावर टेकते त्यावर. हा फरक न समजता चावी फिरवली की काय होतं ते नीट पाहू.

गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मुलाचा चार तारांचा बेस ऐन जुलैत दुरुस्तीला आला. तक्रार अशी: पहिल्या पाच फ्रेटवर चारही तारा बझ करतात आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा इतक्या उंच की बोटं दुखतात. दोन्ही गोष्टी एकाच बेसवर! झालं असं होतं. त्याला आधी तारा थोड्या उंच वाटल्या, म्हणून एक व्हिडिओ बघून त्याने ट्रस रॉड आवळला. तारा खाली आल्या, पण खालच्या फ्रेटवर बझ सुरू झाला. तो घालवायला त्याने सॅडल वर चढवले. बझ कमी झाला, पण ॲक्शन चार मिलिमीटरच्या पुढे गेली. मग परत रॉड आवळला, परत सॅडल चढवले, असे तीन-चार फेरे झाले. शेवटी नेक उलट्या बाजूला वाकला. त्यात रॉडच्या नटाचं माप तीन-सोळांश इंच, म्हणजे 4.76 मिमी, आणि घरच्या सेटमधली चावी 4.5 मिमीची. ती ‘जवळपास बसते’ म्हणून वापरली, आणि नटाच्या आतले सहा कोपरे घासून गोल झाले. तो नट काढायला थोडा मोठा टॉर्क्स (सहा टोकांचा) बिट हलक्या हाताने ठोकून बसवावा लागला. दहा मिनिटांच्या सेटअपचं दोन दिवसांचं काम झालं.

हे टाळायला करायचं एकच: चावी हातात घेण्याआधी मोजायचं. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा, टेबलावर आडवा टाकून नाही. ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर दाबा (कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावलात तर उत्तम), दुसऱ्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. आता तार ही तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण 0.3 मिमी फट हवी. मोजायला मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं फीलर गेज घ्या, ज्याने मेकॅनिक टॅपेट सेट करतात तेच. फट अजिबात नसेल तर रॉड सैल करायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर आवळायचा. रॉडच्या नटाकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की आवळतो आणि नेक सरळ होतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळायचा असेल तर आधी तारा थोड्या सैल करा. मग परत सुरात लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. लाकडाला बसायला वेळ लागतो, आणि ही रात्र वाचवायला जाणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त नेक खराब केलेत.

बझ कुठे येतो यावरून कारण सापडतं. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटाची खाच खोल झाली आहे (हा रॉडचा नट नाही, नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी). पहिल्या पाच फ्रेटवर येत असेल तर नेक जास्त सरळ किंवा उलटा वाकलेला. बाराव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल खाली आहेत. एकाच ठिकाणी येत असेल, तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उचललेला आहे आणि तो रॉड फिरवून कधीच बसणार नाही. नेक जागेवर आला की मगच सॅडलला हात लावा. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली 2.4 मिमी आणि जी (सगळ्यात बारीक) तारेखाली 2 मिमी ही बेस बनवणारी फेंडर कंपनी स्वतः सांगते ती मापं, सुरुवातीला तीच धरा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त उंची लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर, उतरलेला असेल तर जवळ.

कोकण-मुंबईत हे मोजमाप वर्षातून दोनदा करावंच लागतं, एकदा पाऊस स्थिरावला की आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की.

जुन्या, मेलेल्या तारांवर सेटअप करू नका. त्या इंटोनेशनला कधीच येत नाहीत.

नवी तार कापण्याआधी जिथे कापायची तिथे पक्कडीने काटकोनात मोडून घ्या आणि मोडीच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं आणि कोरी तार पहिल्या दिवशीच मेल्यासारखी वाजते. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर ठेवा. आखूड कापलेल्या बेसच्या तारेला इलाज नाही, आणि तारांचा सेट काही स्वस्त नाही.

पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग, तारांच्या जवळ नेला की आवाज वाढतो, हे अर्धसत्य. फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो, सूर थरथरतो आणि वरच्या फ्रेटवर बेसूर वाजतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात अडीच-तीन मिमी ठेवा.

ॲक्टिव्ह बेसचा, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असलेल्या बेसचा, आवाज फाटायला लागला तर आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये घातली की प्रीॲम्प चालू होतो, त्यामुळे बेसमध्ये केबल तशीच ठेवून झोपलात तर बॅटरी रोज रात्री थोडी थोडी संपते. बॅटरीवर मार्करने तारीख लिहा.

फेंडरच्या जॅझ बेस या मॉडेलच्या एका पिकअपचा आवाज कमी केल्यावर हम्म (विजेची सलग गुणगुण) येतो म्हणून सर्किट उघडू नका. त्याचे दोन सिंगल कॉइल पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही पूर्ण उघडले की हम्म एकमेकांत विरतो. एक कमी केला की तोल जातो. तारांना हात लावल्यावर हम्म कमी होत असेल तर तुमचा बेस ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र वाजवणं थांबवा आणि जॅक-ब्रिजचं वायरिंग तपासून घ्या.

आता एक चूक जीवावर बेतणारी. हम्म जातो म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कापणं किंवा दोन पिनांचं ॲडॉप्टर लावणं. मांडवात, जनरेटरवर, ओल्या जमिनीवर हे करणाऱ्या माणसाच्या एका हातात बेसच्या तारा असतात आणि ओठ माइकला टेकलेले असतात. माइक अर्थला जोडलेला, बेस नाही. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज त्या माणसातून जाते. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘सगळीकडेच येतं’ म्हणून सोडू नका, तिथल्या तिथे वाजवणं बंद करा. मल्टिमीटर बॅगेत ठेवा. कुठेही गेलात तर सॉकेट पाहा: फेज आणि अर्थ यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट. पहिला आकडा खूप कमी आला तर अर्थिंग नाही. दुसरा अगदी शून्य असेल तरी खूश होऊ नका, कोणीतरी अर्थची पिन न्यूट्रललाच जोडलेली असू शकते. ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडल्यामुळे येणारा, हम्म काढायचा असेल तर डीआय बॉक्सचं (बेसचा सिग्नल मिक्सरला नेणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. ते फक्त आवाजाच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेची अर्थ शाबूत राहते.

ॲम्प घेताना वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढा. घरी तीस-चाळीस वॉट पुरतात. ड्रमरबरोबर तालमीला दोनशेच्या खाली गेलात तर ॲम्प कायम घाम गाळत राहील. गिटारच्या ॲम्पमधून बेस वाजवू नका, त्याचा कोन एवढ्या हालचालीसाठी बनलेला नसतो. 8 ओहमचे दोन कॅबिनेट (स्पीकरचे खोके) जोडले की 4 ओहम होतात, तिसरा जोडला की 2.67, हेडवर (स्पीकर नसलेल्या ॲम्पवर) किमान 4 ओहम लिहिलं असेल तर तिसरा जोडायचा नाही. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल वापरू नका. आतली तार बारीक असते, तापते. स्पीकर केबलच घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाड टू-कोर वायर आणि दोन जॅक घेऊन ती स्वतः जोडता येते.

आणि बेस ऐकू येत नसेल तर बेसचं बटण वाढवू नका. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, छोटा स्पीकर तो काढूच शकत नाही. कानाला सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या हार्मॉनिक्समुळे. मिड थोडे वाढवा, बेस थोडा कमी करा. बहुतेक हॉलमध्ये एवढ्यानेच बेस पुढे येतो. खोलीत एकटे बसून लावलेला गुबगुबीत आवाज बँडमध्ये चिखल होतो.

डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं ठेवून वाजवायचं मोठं वाद्य. डबल बेसवाल्यांच्या चुका कमी, पण प्रत्येक महाग.

सगळ्यात मोठी म्हणजे चारही तारा एकदम काढणं. डबल बेसच्या पोटात एक गोल काठी उभी असते, साउंडपोस्ट. ती डिंकाने चिकटवलेली नसते. वरचा तक्ता आणि पाठ यांच्यामध्ये दाबाखाली उभी असते, ब्रिजच्या जी बाजूच्या पायाच्या किंचित मागे, टेलपीसच्या (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या भागाच्या) बाजूला. तारांचा दाब गेला की ती पडू शकते. वसईकडच्या एका वाद्यवृंदाच्या जुन्या डबल बेसचं असंच झालं. फिंगरबोर्ड साफ करायला चारही तारा उतरवल्या. आत ‘खट’ असा आवाज झाला. काठी आत लोळत होती. एफ-होलमधून, म्हणजे तक्त्यावरच्या f आकाराच्या भोकातून, बाहेर काढली, ‘कुठेच चिकटलेली नव्हती, म्हणजे आधीचीच तुटलेली असेल’ असं म्हणून केसच्या कप्प्यात ठेवली, आणि तारा लावून सुरात ओढल्या. चार स्टीलच्या तारांची एकूण ओढ शंभर किलोच्या वर जाते. आतला आधार गेलेला. दुसऱ्या दिवशी ब्रिजचा जी बाजूचा पाय बुडालेला, तक्ता खोलगट झालेला आणि एफ-होलची कड वाकलेली. काठी पडली हा अपघात होता. काठीशिवाय तारा ओढल्या ही चूक होती.

म्हणून तारा एका वेळी एकच बदला. आधी जी, ती पूर्ण सुरात आणा, मग ई, मग डी, मग ए. बाहेरच्या दोन आधी, म्हणजे ब्रिज दोन्ही बाजूंनी धरलेला राहतो. त्याआधी मोबाईलचा टॉर्च लावून एफ-होलमधून पोस्टचा फोटो काढून ठेवा. पोस्ट पडलीच, तर सगळ्या तारा सैल करा, काठी जपून ठेवा आणि वाद्य लुथिएरकडे, म्हणजे तंतुवाद्यं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्या. त्या काठीची दोन्ही टोकं तुमच्याच तक्त्याच्या आणि पाठीच्या उतारावर कापलेली असतात, दुसरी कुठलीही काठी तशीच बसत नाही.

सुरात लावताना तारा ब्रिजचा माथा फिंगरबोर्डकडे ओढतात. ब्रिजची टेलपीसकडची बाजू तक्त्याला काटकोनात असली पाहिजे. पोस्टकार्ड उभं लावून पाहा. झुकला असेल तर तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी सरळ करा. खाचांत टू-बी पेन्सिल घासली की तार अडकत नाही.

कड उघडली, म्हणजे तक्ता आणि बाजूची पट्टी यांच्यात फट पडली, तर त्यात फेव्हिकॉल ओतू नका. जुन्या पद्धतीच्या डबल बेसला जनावराच्या चामड्याचा सरस वापरतात, कारण हवा बदलली की लाकूड चिरण्याआधी सरसाने सुटावं. तो सुटणं हाच त्याचा उपयोग. पांढरा डिंक तिथे बसला की पुढच्या वेळी तक्ता चिरतो, आणि लुथिएरला तो खरवडून काढावा लागतो. कड कुठे उघडली ते बोटाच्या पेराने काठाकाठाने टकटक करत शोधा. सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. नवीन घेणाऱ्याला आमचा सल्ला: किनारपट्टीवर राहत असाल, कार्यक्रमांना टेम्पोतून जात असाल, तर थ्री-क्वार्टर साइजचा प्लायचा डबल बेस घ्या. सॉलिड तक्त्याचा आवाज सुंदर, पण त्याची काळजी रोज घ्यावी लागते.

डबल बेसच्या ब्रिजला लावतात तो पिएझो पिकअप (दाब-कंपनातून वीज बनवणारा) सरळ मिक्सरला लावल्यावर आवाज पातळ आणि नाकातला येतो. लोक तार बदलतात, पिकअप बदलतात, पण दोष जोडणीचा असतो. पिएझो हा विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर आहे. त्याची क्षमता 1 नॅनोफॅरड धरली तर 1 मेगाओहमच्या इनपुटला 159 हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं, आणि डबल बेसच्या चारही मोकळ्या तारा त्याच्या खालीच आहेत. मिक्सरच्या लाइन इनपुटला तर फक्त दहा-वीस हजार ओहम असतात. 10 मेगाओहमच्या प्रीॲम्पला हीच सीमा 16 हर्ट्झवर जाते आणि ई तार पूर्ण ऐकू येते. म्हणून नवा पिकअप घेण्याआधी प्रीॲम्प घ्या. त्यावर 40 हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) असेल आणि फेज उलटा करायचं बटण असेल तर फीडबॅकही निम्म्यावर येतो.

बोच्या (गजाच्या) केसांना लावायची राळ, म्हणजे रोझिन, व्हायोलिनचं चालत नाही, बेसचं मऊ रोझिनच लागतं. आणि ते मे महिन्यात गाडीत ठेवू नका. वितळून डब्याच्या बाहेर येतं आणि बोच्या केसांत आणि वाद्याच्या पेटीच्या अस्तरात कायमचं बसतं. डबा उभा, झाकण घट्ट, घराच्या सावलीत.