रेडिएशन लॅबमधल्या या चुका टाळा, नाहीतर कबाडी आधी पोचतो

मागच्या उन्हाळ्यात आमच्या विभागात निर्लेखन समिती बसली. म्हणजे जुनं सामान बाहेर काढायचं, डेडस्टॉक रजिस्टरमधून नोंद कमी करायची, लिलाव करायचा अन् मग कबाडी मेटॅडोर घेऊन येतो, ते सगळं. व्हरांड्यात ढीग लागलेला, मोडके सेंट्रीफ्यूज, कूलरच्या गंजलेल्या टाक्या, पाय तुटलेल्या खुर्च्या, आणि मधोमध एक जुनी गॅस क्रोमॅटोग्राफ मशीन जिच्या अंगावर खडूने "लॉट ३" लिहिलेलं. मी चहाचा कप हातात घेऊन सहज मागचं झाकण उचललं तर डिटेक्टरवर तीन पात्यांचं पिवळं स्टिकर, म्हणजे किरणोत्सर्गाची खूण, अर्धं निघालेलं.

ईसीडी, म्हणजे इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, होता तो. आपला कपाशीचा पट्टा, फवारणी आलीच, अन् माती-पाणी-भाजीतले औषधाचे अंश तपासायचे तर क्लोरीनवाली औषधं हा डिटेक्टर फार बारीक पकडतो, म्हणून जुन्या लॅबमध्ये तो सापडतोच. आत निकेल-६३ या किरणोत्सर्गी धातूचा पत्रा असतो, तोच त्याचा सोर्स. स्टोअरचे बाबू म्हणाले, "साहेब, वीस वर्षं झाले बंद आहे थे, आता काय राह्यते त्यात?" तर निकेल-६३ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, साधारण १०० वर्षं, म्हणजे वीस वर्षांत जेमतेम १३ टक्के कमी होतो, बाकी सगळा तिथंच. मशीनचा स्विच बंद केला म्हणून सोर्स बंद होत नसतो. गंमत अशी की याचा बीटा किरण इतका कमजोर की डिटेक्टरच्या धातूतून बाहेरच येत नाही, मीटर लावला तरी गप्प. धोका केव्हा, तर कबाडी हातोडा घेऊन तो डबा फोडतो, पत्र्याचा चुरा हाताला लागतो अन् त्याच हाताने तो खर्रा मळतो, तेव्हा.

मी आरएसओ, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, कागदावर शिकवायचं काम मुख्य अन् हे वरचं. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली की जे काम रोज चालू असतं त्यात फार गडबड होत नाही कारण चार डोळे असतात त्याच्यावर. गडबड होते ती विसरलेल्या वस्तूंची. म्हणून पहिली चूक तीच घेतो अन् तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

चूक : सोर्सची नोंद माणसाच्या डोक्यात ठेवणं

मायापुरीचं प्रकरण आठवत असेल. दिल्ली विद्यापीठात १९७० साली कॅनडातून घेतलेली गॅमा सेल (नमुन्यांना गॅमा किरण द्यायची मशीन) होती, कोबाल्ट-६० वाली. १९८५ पासून ती वापरातच नव्हती, खोलीत पडून. फेब्रुवारी २०१० मध्ये भंगाराच्या लिलावात गेली, मायापुरीच्या बाजारात ती फोडली, एप्रिलमध्ये लोक आजारी पडून दवाखान्यात पोचले तेव्हा कळलं, अन् एक माणूस गेला. आता हिशोब करा, कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, ४० वर्षांत साडेसात अर्धायुष्यं झाली, म्हणजे मूळच्या साधारण दोनशेवा भाग उरला होता. त्या दोनशेव्या भागाने हे केलं. आणि एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापन झाली नोव्हेंबर १९८३ ला, म्हणजे मशीन आली तेव्हा ही संस्थाच देशात नव्हती. आपल्याकडे १९८३ च्या आधीची जी काही कपाटं आहेत ती म्हणून आधी उघडा. आता जे काही खरेदी होतं ते ई-लोरावर (एईआरबीच्या ऑनलाइन परवाना पोर्टलवर) दिसतं, जुनं दिसेलच याची खात्री नाही.

सर रिटायर होतात तेव्हा निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, चार्ज देण्याच्या यादीत मायक्रोस्कोप असतो, प्रिंटर असतो, पंखा पण असतो, पण खालच्या खणातला शिशाचा डबा नसतो कारण तो सरांनाच माहीत. केमिस्ट्रीवाल्यांकडे थोरियम नायट्रेट अन् युरेनिल ॲसिटेटच्या बाटल्या साध्या मिठांसोबत अक्षराच्या क्रमाने लावलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, कुणाला वाटतच नाही की हे पण त्यातच येतं. तर चार्ज घेताना नवीन माणसाने डब्यासमोर उभं राहून सही करायची, ऑफिसात बसून नाही. नोंदीत काय पाहिजे: कोणता आयसोटोप (निकेल-६३, कोबाल्ट-६० असा), किती ॲक्टिव्हिटी (म्हणजे किती किरणोत्सर्गी आहे) अन् ती कोणत्या तारखेची (तारीख नसेल तर आकड्याला अर्थ नाही), कुठल्या खोलीत, किल्ली कोणाकडे. युनिट नीट बघा, जुन्या कागदावर मिलिक्युरी असतं, नव्यावर मेगाबेकरेल, १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकरेल. आमच्या एका पोट्ट्याने "३७" बघून "३७ मिलिक्युरी" लिहून ठेवलं होतं, दोन वर्षं रिपोर्ट तसाच गेला.

आणि निर्लेखन समितीत आरएसओची सही बंधनकारक करून घ्या, कुलसचिवांकडून एक परिपत्रक काढा, बस. सोर्स भंगारात जात नसतो, तो ज्याने दिला त्याच्याकडे किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणी परवानगी घेऊन परत जातो.

बॅजच्या चुका

टीएलडी बॅज, म्हणजे कामाच्या वेळी छातीवर लावतो तो, अंगाला किती किरण लागले तो डोस मोजतो, अडवत नाही. हे लिहायला पण लाज वाटते पण दरवर्षी एक तरी विद्यार्थी बॅज लावला म्हणजे आपण सेफ असं समजून सोर्सजवळ रेंगाळतो. दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अन् बॅज ठेवतात गाडीच्या डिकीत नाहीतर खिडकीत. उष्णतेने अन् उन्हाने टीएलडीचं रीडिंग बिघडतं, मग तिमाहीचा रिपोर्ट येतो त्यावर भरवसा काय ठेवायचा. बॅज ठेवायची जागा एकच, कंट्रोल बॅजसोबत (कुणीच न लावलेला, ज्याचं रीडिंग बाकीच्यांतून वजा होतं तो), सोर्सपासून लांब, सावलीत. कंट्रोल बॅज सोर्सरूममध्येच लटकवून ठेवणारे पण आहेत, मग सगळ्यांचाच डोस कमी दिसतो अन् सगळे खूश.

रिपोर्टमध्ये एकदम मोठा आकडा आला तर घाबरून लपवू नका. आधी शोधा: ॲप्रन बॅजसकट सोर्सरूमच्या खुंटीवर टांगून गेला होता का, तो माणूस बॅज लावूनच नागपूरला सीटी स्कॅन काढून आला का, बॅज अदलाबदल झाला का. आमच्याकडे एकदा चक्क बॅज शर्टासोबत धुवायला गेला होता. मर्यादा लक्षात ठेवा, काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, अन् आपल्या देशात कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. लॅबमधला शिपाई, झाडणाऱ्या मावशी, बाजूच्या खोलीतला क्लार्क हे सगळे त्या १ वाले आहेत, हे लोक विसरतात.

पीएचडीच्या पोरी दिवस गेल्याचं सांगत नाहीत, काम बंद करतील, गाईड चिडेल म्हणून. यात चूक पोरीची नाही, वातावरण करणाऱ्याची आहे. सांगितल्यावर बाळाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये एवढं बघायचं असतं, बहुतेक वेळा कामाची नुसती अदलाबदल केली तरी भागतं.

मीटर शून्य दाखवतो म्हणजे काय

मला सगळ्यात जास्त फोन यासाठीच येतात. मीटर शून्य दाखवतो तेव्हा सेल गेले असतील हे पहिलं. हवेत कुठंही ०.१ मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाच्या आसपास काहीतरी असतंच, त्यामुळे पूर्ण शांत मीटर हा सेफ मीटर नाही, मेलेला मीटर आहे. मीटर तपासायचा छोटा चेक सोर्स नसेल तर जुन्या पेट्रोमॅक्सची जाळी शोधा, लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन माणसं चालायची ती, जुन्या जाळ्यांत थोरियम असायचं, मीटर जवळ नेला की टिकटिक वाढते. (पुडीतून काढू नका, तशीच वापरा.) दुसरं, तुम्ही जे मोजताय ते त्या मीटरला दिसतच नसेल. ट्रिटियम जीएमला (आपला नेहमीचा गायगर-म्युलर मीटर) दिसत नाही, त्याला पुसून काढलेला कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्येच (द्रवात किरणाने पडणारा उजेड मोजणारं यंत्र) टाकावा लागतो. आयोडीन-१२५ पण साध्या जीएमला नीट पकडता येत नाही. तिसरं कमी होतं पण भयानक आहे: जुना जीएम फार जास्त फील्डमध्ये गेला की गुदमरतो अन् उलटा शून्याकडे येतो, म्हणून मीटर दाराबाहेरच चालू करून आत न्यायचा, आत जाऊन चालू करायचा नाही.

मिलिरोंटजेनच्या मीटरवरचा १ म्हणजे साधारण १० मायक्रोसिव्हर्ट, हे मीटरच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. कॅलिब्रेशन दोन वर्षांनी. आणि सिंटिलेशन काउंटरमध्ये ब्लँकमध्येच काउंट भरमसाठ येत असेल तर लगेच लॅब घाण झाली म्हणून आरडाओरड नको, शीश्या ट्यूबलाइटखाली पडल्या असतील तर रात्रभर अंधारात ठेवून परत मोजा, बऱ्याचदा उतरतो.

शिसं म्हणजे सगळ्यावर औषध नाही

फॉस्फरस-३२ समोर शिशाची वीट ठेवतात, जड आहे ना, मग चांगलीच असणार. त्याचा बीटा १.७ एमईव्हीपर्यंत जातो, शिशात तो झटकन थांबला की एक्स-रे निघतात, म्हणजे तुम्हीच नवीन किरण तयार केले. तिथं एक सेंटिमीटर ॲक्रिलिक पुरतं. शेतात मातीची ओल मोजायचा न्यूट्रॉन प्रोब, अमेरिशियम-बेरिलियमवाला, त्याला पण शिसं कामाचं नाही, पॅराफिन किंवा पॉलिथिन लागतं, हायड्रोजनने न्यूट्रॉन मंदावतो. नेहमीच्या टीएलडीला न्यूट्रॉन नीट कळत नाही, त्याचा वेगळा सीआर-३९ बॅज मागवा. आणि प्रोब बांधावर ठेवून जेवायला जाऊ नका हो, निंदणाऱ्या बाया त्याच सावलीत डबा सोडून बसतात, मी डोळ्याने पाहिलं आहे. अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं, तो प्रोब हरवला तर आपल्या नातवंडांच्या पण नातवंडांना पुरेल.

लोडशेडिंग अन् फ्रिज

लाइट गेली की फ्यूम हुडचा, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा बंद. आयोडीनचं काम चालू असेल तर झाकण लावा अन् बाहेर या, लाइट येईलच आता म्हणून थांबू नका. आयोडीनमध्ये ॲसिड पडलं की तो उडतो, ते द्रावण गोठवलं तरी उडतो, अन् सरळ थायरॉइडमध्ये जाऊन बसतो. लाइट सहा तास गेली की डीप फ्रीझरमधलं वितळून खाली गळतं, म्हणून प्रत्येक शीशीखाली ट्रे पाहिजे. त्याच फ्रिजमध्ये ताकाची बाटली सापडली होती. विचारलं काहून, तर म्हणे, "सर, कँटीनचा फ्रिज थंडच करत नाही."

सांडलं तर

पाय न हलवता ओरडा, हे पहिलं. पळत बाथरूमला गेलं की कॉरिडॉरभर ठसे. टिश्यू टाका, कडेकडून मध्याकडे पुसा, हातमोजे दोन जोड. अंगावर पडलं तर कोमट पाणी अन् साधा साबण, घासणीने रगडायचं नाही, कातडी फाटली की ते आत जातं. सगळ्यात मोठी गडबड दुसऱ्या दिवशी सकाळी होते, मावशी येतात अन् एकाच पोछ्याने तीन खोल्या पुसतात. दारावरची पाटी इंग्रजीत, ती त्यांनी कशी वाचायची? तीन पात्यांचं चिन्ह सगळ्यांना कळत नाही हे जगभर लक्षात आलं म्हणून तर २००७ मध्ये मोठ्या सोर्सच्या मशीनसाठी कवटी अन् पळणाऱ्या माणसाचं लाल चिन्ह वेगळं काढावं लागलं. तुम्ही निदान मराठीत "आत येऊ नका, हात लावू नका, या नंबरवर फोन करा" एवढं लिहा.

कचऱ्याचं थोडक्यात: फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस, दहा अर्धायुष्यं म्हणजे १४३ दिवस ठेवला की हजारावा भाग उरतो, मग मोजा, बॅकग्राउंडएवढा असेल तर अन् नियमाच्या मर्यादेत असेल तरच साध्या कचऱ्यात, पण आधी स्टिकर फाडा नाहीतर नगरपालिकेची गाडी परत येते. वेगवेगळे आयसोटोप एका पिशवीत टाकले की सगळ्यात लांबवाल्याची वाट बघावी लागते, कार्बन-१४ पडला तर बसा, त्याचं एक अर्धायुष्यच ५७३० वर्षं.

शिवारफेरीत एक चूक आपण सगळेच करतो. शेतकरी विचारतात, "हे बियाणं किरणाचं आहे म्हंते, खाल्लं तर मले लागतीन काय?" अन् आपली पोरं हसतात. गॅमा दिलेलं बी किरणोत्सर्गी होत नाही, उन्हात वाळवलेला माणूस उजेड देत नाही तसंच. ट्रॉम्बेचं भाभा अणु संशोधन केंद्र अन् अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून, किरण देऊन काढलेला टीएजी-२४ भुईमूग, टीएयू-१ उडीद आपल्याकडच्या किती घरी पेरला गेला, हे सांगा, पटतं. हसू नका फक्त.

लॉट ३ अजून माझ्या कपाटात आहे, डिटेक्टर काढून, डब्यात, दोन कुलपं लावून. कंपनीला पत्र गेलंय, परवानगीचा अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. दर महिन्याला बाबू येतात अन् विचारतात, "साहेब, लॉट ३ चं काय झालं, ऑडिटवाले मांगून राह्यले." मी त्यांना रजिस्टरमधली नोंद दाखवतो, ते त्याचा फोटो काढून नेतात.