पायथनच्या प्रॉम्प्टवरून पिप समजून घेताना

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये दरवर्षी नवी मुले-मुली रुजू होतात, आणि आमच्या गटात पायथनवर काम करायला येणाऱ्यांना सुरुवातीचे काही आठवडे शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. पायथनची पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, संगणकावर बसवणारे आणि काढणारे साधन म्हणजे पिप, आणि त्याची ‘पिप इन्स्टॉल’ ही कमांड जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते. परंतु तिने संगणकावर काय ठेवले, कुठे ठेवले, आणि पॅकेज काढून टाकताना नेमक्या कोणत्या फाइली पुसायच्या हे पिपला कसे कळते, असे विचारले की बहुतेक जण थांबतात. ही उत्तरे पायथनच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे लिहिलेली ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या खिडकीत बसून, एकेक ओळ लिहून मिळवता येतात. मी हे ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत शिकले, जिथे इंटरनेट नव्हते. त्याची गरजही भासली नाही, कारण इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची सगळी नोंद डिस्कवरच लिहिलेली असते.

पहिला प्रश्न पॅकेजबद्दल नव्हे, तर स्वतः प्रॉम्प्टबद्दल विचारावा: मी कोणत्या पायथनमध्ये बसले आहे? एकाच लॅपटॉपवर तीन-चार पायथन असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ‘सिस’ मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातील ‘एक्झिक्युटेबल’ पाहिले की चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिसतो, आणि ‘प्रीफिक्स’ व ‘बेस प्रीफिक्स’ या दोन किमती वेगळ्या आल्या तर आपण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एखाद्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये आहोत, हे निश्चित होते. ‘इन्स्टॉल केले, तरी मॉड्यूल सापडत नाही’ ही नवागतांची सर्वांत मोठी तक्रार बहुधा इथेच सुटते. पॅकेज एका पायथनमध्ये गेलेले असते आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालत असतो. म्हणूनच टर्मिनलवर नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन’, मग ‘एम’चा पर्याय आणि त्यानंतर ‘पिप’ असे लिहावे, म्हणजे कोणत्या पायथनचा पिप चालणार यात शंका उरत नाही.

यानंतर ‘इम्पोर्टलिब’मधील ‘मेटाडेटा’ हे मॉड्यूल इम्पोर्ट करावे. ते 2019 साली आलेल्या पायथन 3.8 पासून भाषेसोबतच मिळते. त्यातील ‘व्हर्जन’ या फंक्शनला पॅकेजचे नाव दिले की आवृत्ती कळते, आणि ‘फाइल्स’ला तेच नाव दिले की त्या पॅकेजने आणलेल्या फाइलींची यादी समोर येते. ही माहिती ‘साइट पॅकेजेस’ फोल्डरमध्ये, पॅकेजच्या नावाने सुरू होणाऱ्या आणि ‘डिस्ट-इन्फो’ने संपणाऱ्या एका फोल्डरात असते. त्यातील ‘रेकॉर्ड’ नावाची फाइल प्रत्येकाने एकदा तरी उघडून वाचावी, असा माझा आग्रह असतो. तिच्या प्रत्येक ओळीत एका फाइलीचा पत्ता असतो, आणि बहुतेक ओळींत त्यापुढे तिचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आणि बाइट्समधील आकार असतो. पॅकेज काढताना पिप याच यादीवर चालतो. एका सर्व्हरवर कोणीतरी लायब्ररीची फाइल जागच्या जागी बदलून ठेवली होती, तेव्हा नोंदीतला आकार आणि डिस्कवरचा आकार प्रॉम्प्टवर शेजारी शेजारी मांडताच ती फाइल सापडली.

नावांचा घोळ थोडा सविस्तर सांगायला हवा. इन्स्टॉल करताना आपण ‘पिलो’ म्हणतो, पण इम्पोर्ट करताना ‘पिल’ लिहितो. ‘सायकिट-लर्न’चे ‘एसकेलर्न’ होते, ‘पायवायएएमएल’चे नुसते ‘यॅमल’. इन्स्टॉलचे नाव वितरणाचे, म्हणजे पिप उतरवतो त्या गठ्ठ्याचे, आणि इम्पोर्टचे नाव त्यातल्या मॉड्यूलचे. ही दोन एकच असावीत असा कोणताही नियम नाही. पायथन 3.10 पासून ‘मेटाडेटा’मध्ये ‘पॅकेजेस’ आणि ‘डिस्ट्रिब्युशन्स’ हे शब्द अंडरस्कोरने जोडलेले एक फंक्शन आहे, जे कोणते मॉड्यूल कोणत्या वितरणातून आले याची डिक्शनरी, म्हणजे जोड्यांची यादी, हातात देते. दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रकल्प अंगावर आला आणि त्यासोबत रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांची यादीच नसली, तर तो जिथे चालतो आहे त्या पायथनमध्ये सर्वप्रथम हीच डिक्शनरी काढावी.

यापुढचा टप्पा अवलंबित्वाचा, म्हणजे एका पॅकेजला चालायला आणखी कोणती पॅकेजे लागतात याचा. ‘रिक्वेस्ट्स’ हे लोकप्रिय पॅकेज घेऊन ‘रिक्वायर्स’ फंक्शनला विचारले, तर ‘सर्टिफाय’, ‘आयडीएनए’, ‘यूआरएललिब3’ आणि ‘चारसेट-नॉर्मलायझर’ ही चार नावे आवृत्त्यांच्या मर्यादांसह येतात. त्यांच्यासोबत दिसणाऱ्या ‘पायसॉक्स’पुढे अर्धविराम देऊन ‘एक्स्ट्रा’ची अट लिहिलेली असते, म्हणजे तो भाग खास मागितला तरच ते पॅकेज येते. नवे लोक हमखास तेही मोजतात, म्हणून अर्धविरामापुढचा मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिळालेल्या प्रत्येक नावाला पुन्हा तोच प्रश्न विचारत गेले की अवलंबित्वाचे झाड उलगडत जाते, आणि ज्याला काहीच लागत नाही अशा ‘सर्टिफाय’पाशी उत्तर ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, असे येते. हे झाड काढणारे लहानसे रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे, फंक्शन स्वतः लिहावे. रिकर्शन म्हणजे काय हे वर्गात समजले नसेल, तर इथे समजते.

आवृत्त्यांची तुलनाही प्रॉम्प्टवरच करून पाहावी. ‘1.10’ आणि ‘1.9’ या दोन स्ट्रिंग म्हणून दिल्या तर पायथन पहिलीला लहान ठरवतो, कारण तो अक्षरामागून अक्षर पाहतो. ‘पॅकेजिंग’ या पॅकेजमधला ‘व्हर्जन’ क्लास वापरला की 1.10 मोठी ठरते. अशा मर्यादा एकमेकींशी जुळवण्याचे काम पिपमधला रिझॉल्व्हर करतो. 2020 च्या अखेरीस आलेल्या पिप 20.3 पासून तो सर्व अटी एकत्र पूर्ण होतील अशी जुळणी शोधतो आणि गरज पडल्यास मागे वळून दुसरी आवृत्ती तपासतो. इन्स्टॉल करताना एकाच पॅकेजच्या अनेक आवृत्त्या उतरवल्या जाताना दिसल्या, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

इथे एक मर्यादा पाळावी. पिप स्वतः पायथनमध्येच लिहिलेला असला, तरी त्याला प्रॉम्प्टवर इम्पोर्ट करून त्याची आतली फंक्शने वापरू नयेत; त्यांना अधिकृत आधार नाही आणि ती कोणत्याही आवृत्तीत बदलू शकतात, असे पिपच्या दस्तऐवजातच सांगितलेले आहे. प्रोग्राममधून पिप चालवायचाच असेल, तर ‘सबप्रोसेस’ने वेगळी प्रक्रिया म्हणून चालवावा. तसेच प्रॉम्प्ट उघडा असताना दुसऱ्या टर्मिनलवरून एखादे पॅकेज अद्ययावत केले, तर ‘मेटाडेटा’ डिस्कवरची नवी आवृत्ती सांगतो, पण आधीच इम्पोर्ट झालेले मॉड्यूल स्मरणात जुनेच राहते. अशा वेळी प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडणे, हाच निर्धोक उपाय आहे.