विहिरीच्या पातळीवरून पाणलोटाचा हिशेब कसा मांडावा

मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबी परिसरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुक्याला मात्र जेमतेम 500 ते 600 मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. म्हणूनच कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या पूर्वेकडील गावांनी ऊस लावण्याआधी आपल्या विहिरी मोजायला हव्यात.

प्रथम ओढ्याच्या पाणलोटातील आठ-दहा विहिरी निवडाव्यात. काही माथ्यावरच्या, काही उतारावरच्या, काही ओढ्याकाठच्या. उतरताना विहिरीची भिंत नीट पाहावी. वर मुरूम, त्याखाली झिजलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि तळाशी अखंड काळा पाषाण असा क्रम बहुधा दिसतो. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. काळ्या पाषाणात भेगा नसतील तर विहीर कितीही खोल नेली तरी साठा वाढत नाही.

मोजणी पहाटे, रात्रभर मोटार बंद ठेवून करावी. कठड्यावर रंगाने कायमची खूण करून टेपला वजन बांधावे, टेपच्या खालच्या भागाला खडू फासावा आणि तो जिथवर भिजेल त्यावरून खोली काढून त्यातून कठड्याची उंची वजा करावी. एक मोजणी मेअखेरीस आणि दुसरी ऑक्टोबरअखेरीस घ्यावी, कारण या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊसच मोठा असतो. बोअरवेलच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. त्यांचे पाणी खोल भेगांतले असते आणि ते या सरासरीत मिसळले तर सगळा हिशेब फसतो.

आता गणित. समजा पाणलोट 500 हेक्टरचा आहे आणि पातळी सरासरी 2 मीटर वर आली. अशा खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरावे, म्हणजे साठ्यातली भर 2 लाख घनमीटर झाली. पाटाने भिजवलेल्या उसाला, पावसाचा वाटा वजा करूनही, हेक्टरी सुमारे 15,000 घनमीटर पाणी लागते. पिण्यासाठी आणि जनावरांसाठी एक थेंबही राखून ठेवला नाही, तरी ही भर जेमतेम 13 हेक्टर उसाला पुरेल. उरलेल्या शेतकऱ्यांच्या हरभऱ्याला एकही पाळी मिळणार नाही. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवून आधी पिण्याचे पाणी बाजूला काढावे आणि मगच रब्बीच्या पाळ्या व उसाचे क्षेत्र ठरवावे.