बायको कोलंबोची: व्हिसाचा मार्ग असा ठरवला

मी दादरचा, ती कोलंबोची. एका एजंटने ‘लग्न झालं की लगेच ओसीआय (परदेशी जोडीदाराला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड) काढा’ असं सांगितलं आणि आम्ही निर्धास्त झालो. पण त्यासाठी नोंदणीकृत लग्नाला सलग २ वर्षं व्हावी लागतात! कळलं तेव्हा पोटात गोळाच आला.

मग विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्नाची नोटीस दिली. दोघांपैकी एकाचं ३० दिवसांचं वास्तव्य पुरतं, म्हणून मुंबईतच जमलं. नोटिशीच्या मुदतीचे आणखी ३० दिवस थांबलो. प्रमाणपत्र मिळताच तिच्यासाठी एक्स व्हिसा, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराचा प्रवेश व्हिसा, मागितला.

नागरिकत्व मात्र नको म्हटलं. ७ वर्षांचं वास्तव्य लागतं ते एक, पण तिला श्रीलंकेचा पासपोर्ट सोडावा लागला असता. “आई तिथे एकटी आहे रे,” ती म्हणाली. मी पुढे काही बोललोच नाही.