कामासाठीची फिरती किती झाली की जास्त झाली, हे नाशिकला राहून कसं ठरवायचं

फिरतीच्या नोकरीवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक विमानानं फिरणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. महिन्यात इतक्याच रात्री बाहेर राहा, बॅग हलकी ठेवा, हॉटेलात व्यायाम करा वगैरे. नाशिकच्या माणसाला त्याचा फार उपयोग नाही. आपण अशा जागी राहतो की मुंबई, पुणे, संभाजीनगर, धुळे सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, आणि आपलं खरं दुखणं तेच आहे, कारण एका दिवसात जाऊन आलेला प्रवास कुणी मोजतच नाही. कंपनी मोजत नाही, घरचे सुरुवातीला मोजत नाहीत, आपण स्वतः तर नाहीच. मी मशीन सर्व्हिसच्या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराकडून पहिल्या वर्षातच हा हिशेब करून घेतो. तो कसा करायचा ते सांगतो.

पहिलं काम, मागच्या तीन महिन्यांचा प्रवास कागदावर उतरवा. आठवणीनं लिहू नका, आठवण नेहमी कमी सांगते. फास्टॅगचे मेसेज काढा, शिंदे टोल, हिवरगाव पावसा, घोटी, पिंपळगाव, प्रत्येकाची वेळ त्यात आहे. रेल्वेची तिकिटं मेलमध्ये आहेत, एसटीची आणि रिक्षाची यूपीआयमध्ये. तासाभराचं काम आहे.

दुसरं, वेळ दारापासून दारापर्यंत धरा. मुंबईची गाडी नाशिकरोडला सातच्या सुमारास असली तरी सिडकोतला माणूस सहाला घर सोडतो आणि त्याआधी पाऊण तास उठलेला असतो. उठल्याची वेळ आणि परत घराचं कुलूप उघडल्याची वेळ, या दोन्ही लिहा.

आता तिसरी पायरी. इथे जवळजवळ सगळे फसतात आणि मलाही ही नीट बसवायला बराच वेळ लागला, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. प्रश्न असा की कुठला दिवस किती धरायचा. एचआरच्या एक्सेलमध्ये टूर म्हणजे रात्र बाहेर. रात्र नाही तर टूर नाही, म्हणजे सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत आलात तर तो साधा ऑफिसचा दिवस, फार तर डीए, म्हणजे रोजचा भत्ता, अर्धा. याच पद्धतीनं आपणही मोजायला लागतो आणि मग तीन महिन्यांचा कागद बघून वाटतं की अरे, आपली फिरती तर काहीच नाही, मग एवढं अंग का मोडलंय.

पुण्याचा एक दिवस उलगडून बघा. पावणेपाचला गजर, साडेपाचला घर सोडलं, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत चाकणला येईपर्यंत तिथल्या कंपन्यांची शिफ्ट आणि तुम्ही एकाच वेळी रस्त्यावर. प्लांटवर साडेनऊ-दहा. पाचला काम संपतं म्हणतात पण गेट पास परत करून निघेपर्यंत साडेपाच-सहा होतातच, मग पुन्हा चाकण, मग राजगुरुनगर-मंचरकडे कुठेतरी अडकणं, आळेफाट्याला जेवण. पावणेपाचला उठलेल्या माणसाचा 17 वा तास पावणेदहाला भरतो, आणि पावणेदहाला तुम्ही साधारण चंदनापुरी घाट उतरून संगमनेरच्या आसपास असता, सिन्नर अजून पुढे. आता हे ध्यानात ठेवा की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाचं लक्ष आणि ब्रेक मारायचा वेग हा रक्तात 100 मिलीला 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा होतो, यावर 1990 च्या दशकापासून प्रयोग झालेले आहेत. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक थेंब न पिता संगमनेर ते सिन्नर आपण अशा अवस्थेत चालवतो की तेवढी दारू प्यायली असती तर पोलिसांनी गाडी बाजूला घेतली असती. आणि हा दिवस कागदावर "लोकल व्हिजिट".

म्हणून माझा हिशेब रात्रींचा नाही, तासांचा आहे. दारापासून दारापर्यंत 12 तासांच्या आत परत आलात तर एक दिवस धरा. 12 ते 14 तास गेले तर दीड. 14 च्या वर गेले तर दोन, काम कितीही छोटं असो, अगदी एक सही आणायला गेलेला असाल तरी दोन. रात्रीचा मुक्काम असेल तर प्रत्येक रात्रीला एक, कारण सहाला काम संपलं, जेवलात, दहाला झोपलात, सकाळी उजेडात निघालात. रविवारी निघावं लागलं तर जे काही येईल त्याच्या दुप्पट.

अप-डाउनला दोन आणि मुक्कामाला एक, हे ऐकून लोक वाद घालतात. घरी झोपायला मिळतंय ना, मग ते हलकं नको का धरायला? नको. याचा पुरावा तुमच्याच कागदात आहे. प्रत्येक अप-डाउनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय काम केलं ते बघा. मेलला उत्तरं, क्लेम भरणं, बिलांचे फोटो चिकटवणं, दोन फोन, आणि डोकं लावायचं पहिलं काम जेवणानंतर. ती सकाळ गेलेली असते, फक्त ती ऑफिसमध्ये बसून गेलेली असते म्हणून दिसत नाही. मी ज्या ज्या पोराचा कागद बघितला त्यात हेच होतं.

दुसरा वाद असतो पंचवटी एक्स्प्रेसवाल्यांचा. लोक वर्षानुवर्षं पासवर मुंबई अप-डाउन करतातच की, त्यांना काही होत नाही, मग तुला काय झालं. त्यांना होतं की नाही हे त्यांच्या घरी विचारा, पण ते बाजूला ठेवू. त्यांची तीच गाडी, तोच डबा, तीच माणसं, उठायची आणि झोपायची वेळ ठरलेली, सगळं घर त्या वेळेवर चालतं. तुमचं सोमवारी धुळे, मंगळवारी ऑफिस, बुधवारी पहाटे पंचवटी, तीही संध्याकाळी सव्वासहाची परतीची चुकली तर पुढे जे मिळेल ते. शरीराला कशाचीच सवय लागत नाही. त्यांच्याशी बरोबरी करू नका आणि साहेबाला करू देऊ नका.

समजा एका महिन्यात चार पुणे अप-डाउन, दोन मुंबई अप-डाउन आणि जळगावला एक मुक्काम झाला. एचआरच्या कागदावर एक रात्र टूर. माझ्या हिशेबानं आठ अधिक चार अधिक एक, तेरा. आता अंग का मोडलंय ते कळतं.

मर्यादा कुठे? माझं ठाम मत देतो, पटलं तर घ्या. घरी लहान मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर महिन्याला दहा. नसेल तर चौदा. सोळाच्या वर सलग तीन महिने कुणीच जाऊ नये, तब्येत पहिलवानासारखी असली तरी. आणि मोठे अप-डाउन लागोपाठ दोन दिवस कधीच नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही.

चौथी पायरी घरची. तुमचा आकडा सांगायच्या आधी बायकोला किंवा नवऱ्याला विचारा की महिन्यातले किती दिवस मी नाही असं तुला वाटतं. आधी त्यांना बोलू द्या. घरच्यांचा आकडा जवळजवळ नेहमीच जास्त येतो आणि तो चुकीचा नसतो, कारण रात्री साडेदहाला येऊन ताटावर झाकलेलं जेवून झोपणारा माणूस घरच्यांच्या दृष्टीनं त्या दिवशी नव्हताच. आई-वडील गावी असतील तर त्यांनाही विचारा, किती रविवार आला नाहीस ते ते बरोबर सांगतात. दोन आकड्यांत फार फरक निघाला तर घरचा आकडा धरा.

पाचवी, गाळणी. प्रत्येक फेरीपुढे लिहा की मी गेलो नसतो तर नेमकं काय अडलं असतं. मशीन उघडायची होती, नवीन पार्टी होती, भांडण मिटवायचं होतं, या ठेवा. "रिव्ह्यू मीटिंग", "सर म्हणाले भेटून ये", "बरेच दिवस गेलो नव्हतो", यातल्या निम्म्या फोनवर होतात. एकाच दिशेच्या फेऱ्या जोडा, म्हणजे मालेगाव आणि धुळे वेगवेगळ्या आठवड्यात करण्यात काही अर्थ नाही, एक मुक्काम टाकून दोन्ही उरका.

इथेच समृद्धी महामार्गाबद्दल बोलतो. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि अख्खा 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला, इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आला, कसारा घाटातला ट्रकांमागचा वेळ वाचला. रस्ता चांगलाच आहे, मीही वापरतो. पण आमणेच्या पुढे भिवंडी-ठाणे जिथे होतं तिथेच आहे, आणि वाचलेल्या वेळेचं ऑफिसात काय होतं ते बघा. आधी महिन्यात दोनदा मुंबई होती तिथे आता "अडीच तासांत तर पोचतोस" म्हणून चार होतात. रस्ता सुधारला म्हणून स्वतःची मर्यादा वाढवू नका. पुण्याच्या बाजूला तर तेही नाही, नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्गच नाही, रेल्वेनं जायचं तर कल्याणवरून वळसा, म्हणजे रस्ता हाच पर्याय, तेव्हा पुण्याच्या फेऱ्या सगळ्यात आधी कापा.

सहावी, साहेबाशी बोलणं. "सर, फार थकायला होतं" असं म्हणू नका. सर पण थकलेलेच असतात, ते म्हणतील सगळ्यांनाच होतं रे. तारखा सांगा आणि लेखी सांगा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल. असं: "सर, मंगळवारी चाकण आहे. काम पाचच्या पुढे गेलं तर मी तिथेच मुक्काम करतो, बुधवारी सकाळी निघून बारापर्यंत अंबडला ऑफिसात पोचतो, बुधवारी सकाळची व्हिजिट ठेवू नका." यात नाही म्हणायला जागा कमी असते. "अरे जाऊन ये ना, रात्री घरी पोचशील" असं उत्तर आलं तर लॉजच्या बिलाशेजारी बुधवारची गेलेली सकाळ मांडून दाखवा, तीन महिन्यांचा कागद तुमच्याकडे आहेच. रात्री सिन्नरजवळ गाडी ठोकली तर मशीन कोण दुरुस्त करणार, हेही शांतपणे विचारा, मी विचारलेलं आहे. आणि स्वतः गाडी चालवत असाल तर उठून 17 तास झाले की गाडी चालवायची नाही, हा नियम साहेबाला सांगायची गरजच नाही, तो तुमचा तुम्ही पाळायचा, संगमनेरला लॉज आहेत.

नवीन नोकरी धरताना "ट्रॅव्हलिंग 30 टक्के" असं लिहिलेलं दिसलं तर इंटरव्ह्यूमध्येच विचारा की हे रात्रींचं आहे की दिवसांचं. सहा दिवसांच्या आठवड्यात महिन्याचे 25-26 दिवस धरले तर 30 टक्के म्हणजे आठेक. आठ रात्री असतील तर त्यावर अप-डाउन किती, तेही विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर भरपूर आहेत असं समजा.

बाकी तब्येतीचं एकच सांगतो, पाय. डब्ल्यूएचओच्या 2007 च्या अहवालात आहे की चार तास किंवा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, विमानच नाही, बस, रेल्वे, कार सगळ्यात. मुळात तो धोका कमी असतो पण आधी कधी झालेलं असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. नाहीतर दर दीड-दोन तासांनी उतरून चाला, बास.

शेवटचं, हा हिशेब एकदा करून ठेवून द्यायचा नाही, दर तीन महिन्यांनी करायचा. पावसाळ्यात कसारा घाटात दरड किंवा पाणी आलं की गाड्या तासन् तास उभ्या राहतात, तेव्हा जून ते सप्टेंबर मुंबईच्या प्रत्येक फेरीला अर्धा जादा धरा. आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, त्या दिवसांत द्वारका चौकातून नाशिकरोडला पोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. बाहेरच्या साहेबांना हे माहीत नसतं, ते नेहमीसारखा प्लॅन टाकतील. पर्वणीच्या तारखा कॅलेंडरवर आधीच टाकून ठेवा, प्रत्येक तारखेच्या मागचापुढचा दिवस ब्लॉक करा आणि त्या वर्षीच्या एप्रिलच्या प्लॅनिंग मीटिंगलाच ती यादी साहेबांपुढे ठेवा.