तालुक्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) बसून रिसर्च करायचा तर

थिसिसचं नाव काढलं की आमच्याकडची भूलशास्त्रात डीएनबी (एमडीसारखी पदव्युत्तर पदवी) करणारी पोरं पहिला फोन मुंबईला लावतात, "सर एखादा टॉपिक द्या ना". अरे, टॉपिक तुझ्या टेबलावर कुडकुडत पडलाय की! पावसाळ्यात सिझेरियनला स्पायनल (पाठीतून द्यायची भूल) दिलं की थोड्या वेळात बाई अशी थरथरायला लागते की मॉनिटरवरचा ईसीजी वाचता येत नाही, बीपीचा कफ आपला फुगतोय परत परत, आणि आपण एसी बंद कर, ब्लँकेट आण, ट्रामाडॉल दे असं करत बसतो. मग सलाइन कोमट करून दिलं तर ही हुडहुडी कमी होते का? बस, एवढाच प्रश्न घ्या. त्याला दुसरा जोडू नका, "शिवाय उलट्या पण बघू, बाळाचं टेम्परेचर पण बघू" इथेच निम्मे थिसिस बुडतात.

छोट्या गावात होत नाही म्हणणाऱ्यांना मी महाडचं सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाचं काम आपल्या रायगडात बसून केलं, घाम, नाडी, बीपी, गार पडलेले हातपाय लिहून ठेवत, आणि १९८२ ला ते लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आलं. पुढे त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरलं. २०११ च्या, बीएमजे या दुसऱ्या जर्नलमधल्या त्यांच्या ट्रायलमध्ये पेशंट फक्त ७०. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लस (अँटीव्हेनम), आणि १० तासांत बरे झालेले ३५ पैकी ८ विरुद्ध ३५ पैकी ३२. फरक एवढा मोठा असेल तर ७० पुरतात.

आपल्या कोमट सलाइनचा फरक एवढा नसणार हे आधीच मान्य करा. समजा तुमच्याकडे १०० पैकी ४० जणी थरथरतात आणि ते २० वर आलं तरच उपयोग आहे असं तुम्हाला वाटतं, तर ८० टक्के पॉवरला (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के) एका गटात साधारण ८० बायका लागतात. ४० वरून ३० एवढाच फरक पकडायचा म्हटलं तर साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे तुमची डीएनबी संपेल पण पेशंट संपायचे नाहीत. म्हणून तो ४० चा आकडा कुठल्या तरी पेपरातून उचलू नका, आधी महिनाभर आपल्याच ओटीत नुसतं मोजा. आणि "थरथर" म्हणजे काय ते ठरवून मोजा. थरथरीची ग्रेड ठरवायला क्रॉसली-महाजन स्केल आहे, ० ते ४, किती ग्रेडला औषध द्यायचं ते पण आधीच लिहून ठेवायचं. अजून एक, बॅग गरम असली म्हणजे शिरेत जाणारं पाणी गरम असतंच असं नाही, लांब नळीतून हळू सोडलं की वाटेत गार होतं. कपाटात गरम केलेली बॅग की लाइनवरचा वॉर्मर, हे प्रोटोकॉलमध्ये पाहिजे.

एथिक्स कमिटी तुमच्या हॉस्पिटलला नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून परवानगी घेता येते. आता अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, डेरवणला वालावलकर आहे, जाऊन विचारा. मग सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. पैसे पडत नाहीत पण पहिला पेशंट घ्यायच्या आधी करायची, एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदवून घेत नाहीत.

कोणाला कोमट आणि कोणाला साधं हे तुम्ही ठरवायचं नाही, आणि "आज सोमवार म्हणून कोमट" हे पण रँडम नव्हे. कॉम्प्युटरवर यादी काढायची, ज्याचा ट्रायलशी संबंध नाही अशा माणसाने आरपार न दिसणाऱ्या, नंबर घातलेल्या पाकिटांत चिठ्ठ्या भरायच्या. जुलैत आमच्याकडे पाकिटांचा गोंद आपोआप सुटतो, त्यामुळे वरून चिकटपट्टी लावा आणि पापडाच्या घट्ट डब्यात ठेवा, हसू नका, खरंच ठेवा. ग्रेड लिहिणाऱ्या सिस्टरला गट कळता कामा नये, बॅगवर कव्हर घाला.

संमतीचं मात्र घाईत उरकू नका. ठरलेली सिझेरियन घ्या, आदल्या संध्याकाळी वॉर्डात बसून बोला, कळा देणाऱ्या बाईसमोर फॉर्म धरायचा नाही. "डॉक्टरानू, तुमका काय वाटता ता करा" ही संमती नव्हे, तो विश्वास आहे आणि त्याचा फायदा घ्यायचा नाही. मी उलट विचारतो, "नाही म्हटलंत तर काय होईल?" "मग तुमी भूल देवचा नाय" असं उत्तर आलं तर परत पहिल्यापासून समजवा. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदार पाहिजे.

मध्येच लाइट गेली, वॉर्मर बंद पडला, तर ती बाई कोमट गटातच मोजायची, सोयीनुसार इकडची तिकडे करायची नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून सही-तारीख, व्हाइटनर नाही. जपानच्या योशिताका फुजी नावाच्या भूलतज्ज्ञाचे १८० च्या वर पेपर मागे घेतले गेले, कारण त्यातले आकडे नैसर्गिकपणे येणारच नाहीत इतके गुळगुळीत होते, २०१२ मध्ये जॉन कार्लाइलने ते गणिताने दाखवलं. खरा डेटा थोडा ओबडधोबडच असतो.

आयसीयूचं वेगळं. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) किंवा मण्यार चावलेला पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, संमती नातेवाईक देतात, शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला परत विचारायचं. सुरुवातीला ट्रायल नकोच, सगळ्यांसाठी एकसारखा एक पानाचा फॉर्म करा आणि एक पावसाळा भरा. आमच्या जुन्या चार्टवर वजन असायचं, तेही अंदाजे, उंची कुठेच नाही. २००० सालच्या एआरडीएसच्या (फुप्फुसं सुजून निकामी होण्याच्या आजाराच्या) ट्रायलमध्ये ८६१ पेशंट होते, किलोमागे १२ ऐवजी ६ मिली टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा) दिल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले, पण तो किलो काट्यावरचा नाही, उंचीवरून काढलेला. म्हणजे उंचीशिवाय तुम्ही किती मिली दिलेत हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा एक्सेल उघडायच्या आधी बाजारात जाऊन शिंप्याचा टेप घेऊन या, आणि तो बेडला बांधून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत गायब होतो.